पनीरचं पाणी

सृष्टीत काहीही वाया जात नाही. हे वाक्य मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. दर जूनमध्ये, पहिल्याच तासाला, खडू खाली ठेवून आणि खिडकीबाहेर बघत. वाक्य वजनदार आहे. ते ऐकून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा क्षणभर गप्प बसत. निवृत्त होऊन नागावजवळच्या आमच्या वाडीत राहायला आलो, तेव्हा लक्षात आलं की घराच्या मागच्या बाजूला उभं राहून हे वाक्य म्हणता येत नाही. मागच्या बाजूला पनीरचं पाणी वाहत होतं.

थोरला भाऊ गेल्यापासून वाडीतल्या घरात वहिनी आणि तिच्या चार म्हशी राहत होत्या. नारळ-पोफळीचं मी बघेन, म्हशींचं तू बघ, अशी वाटणी भावाने लग्नानंतर केली होती आणि वहिनीने ती त्याच्यामागेही पाळली. चारांतल्या एकीच्या कपाळावर पांढरा चांद होता. भाऊ अंथरुणाला खिळला त्या वर्षी ती जन्मली आणि तिची आई लगेच गेली. वहिनी एका हाताने नवऱ्याला पेज भरवायची आणि दुसऱ्या हाताने रेडकाला बाटली. त्यातलं एक जगलं.

दुधाचं पनीर करायला सुरुवात झाली ती शेजाऱ्यामुळे. शेजारच्या वाडीतल्या पोफळी जाऊन तिथे होमस्टे झाला. समुद्र पाच मिनिटांवर आहे, म्हणून त्याने अंगणात पोहायचा तलाव बांधला. मुंबईची माणसं येतात, समुद्राकडे पाठ करून तलावात बसतात आणि पनीर मागतात. समोर पापलेट तळलेलं असताना माणूस पनीर का मागतो, हे मला अजून समजलेलं नाही. पण मागतात. शेजारी वहिनीला म्हणाला, "काकी, तुमच्या दुधाचं पनीर मला द्या, बाहेरून आणतच नाय." वहिनी द्यायला लागली. तिचं पनीर खरंच चांगलं होतं, मऊ आणि गोडसर.

दूध फाडलं की पनीर थोडं निघतं आणि पाणी फार. हिरवट पिवळं, कोमट पाणी. थोडं म्हशी प्यायच्या, थोडं कणकेत जायचं, बाकीचं मोरीतून वहाळात. वहाळ आमच्या वाडीतून निघून होमस्टेच्या भिंतीला लागून समुद्राकडे जातो. दुपारपर्यंत ते पाणी आंबायचं आणि तलावात बसलेल्या माणसांना त्याचा वास यायचा. मग शेजारी परत आला.

"काकी, पनीर एक नंबर. पण त्या पाण्याचं कायतरी बघा ना."

"अरे, पनीर खातोस तर पाणी कोण घेणार?"

"गिऱ्हाईक पनीर खातं काकी, मी नाय."

हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. त्याने ते ग्रामसभेतही मांडलं. ठरलं असं की दिवाळीपर्यंत वहिनीने सांडपाण्याची व्यवस्था करावी, नाहीतर म्हशी वस्तीतून हलवाव्यात. गावाबाहेर आमची जागा नाही. म्हणजे हलवाव्यात याचा अर्थ विकाव्यात. हे सगळ्यांना कळत होतं, आणि कळत असल्यामुळे कोणी बोललं नाही.

त्या संध्याकाळी वहिनी गोठ्यात बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "म्हशी गेल्या तर मी पहाटे उठून काय करू, भावोजी? भजनं ऐकू?"

मी तिला टाकीबद्दल सांगितलं. हवाबंद टाकी, तिच्यात शेण आणि पनीरचं पाणी घालायचं. आतले जंतू ते खातात आणि गॅस सोडतात. गॅसवर स्वयंपाक, उरलेला शेणकाला नारळाच्या आळ्यात.

"जंतू?"

"चांगले जंतू."

"चांगले म्हणजे?"

"विरजणात असतात तसे. हे जरा वेगळे. यांना हवा चालत नाही."

"आणि ते हे सगळं आंबट पाणी खातील?"

"हळूहळू दिलं तर खातील. एकदम ओतलं तर त्यांनाही बाधेल."

"म्हणजे माणसासारखेच," वहिनी म्हणाली, आणि तिने टाकीसाठी गोठ्यामागची जागा झाडून काढली.

एवढ्यावर ही गोष्ट घरगुती राहिली असती. पण सरपंचाच्या कानावर गेली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, याला योजना आहे." आपल्याकडे एखाद्या चांगल्या गोष्टीचं काय करायचं हे कोणाला सुचेना की तिला योजना असते. अनुदान मंजूर झालं. गॅसबरोबर वर-खाली होणाऱ्या लोखंडी घुमटाची टाकी झाली आणि तिचं नाव 'ग्रामीण जैवतंत्रज्ञान प्रकल्प' असं पडलं. वहिनी तिला टाकीच म्हणायची. गोठा धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून गोठ्याची मोरी मी थेट टाकीच्या तोंडाशी जोडून घेतली. मला त्या जोडणीचं फार कौतुक होतं.

टाकी बांधली की ती आपोआप चालू लागत नाही. तिला विरजण लागतं, म्हणजे आधीच चालू असलेल्या टाकीतला शेणकाला. आमच्या भागातल्या जुन्या टाक्या सिलिंडर आल्यापासून बसल्या होत्या. एकाने सांगितलं, बोर्ली पंचतनला एक चाचा आहेत, त्यांची अजून चालू आहे. टेम्पो केला, पिंप ठेवलं, आगरदांड्याला फेरीबोट पकडली, दिघीला उतरलो आणि बोर्लीला पोचलो.

चाचा ऐंशीच्या पुढचे. व्यापार बंद करून घरी बसलेले, मुलं सगळी कुवेतला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मास्तर, नागावात म्हशी हगत न्हाय काय?"

"हगतात. पण तुमच्यासारखं मुरलेलं नाही."

ते खूश झाले. घरात दोन सिलिंडर असूनही चहा त्यांनी टाकीच्या गॅसवरच केला. म्हणाले, "पोरं तिकडं तेलावर जगतात, मी हितं शेणावर. बघू या कोणाचं आधी खपतं." मी पैशांचं विचारल्यावर त्यांनी कानाला हात लावले. "तौबा. विरजणाचे पैसे कोण घेतं? माझी टाकी कधी बसली तर तुझ्यातलं पिंपभर दे, म्हणजे फिटलं."

परतीच्या फेरीबोटीवर पिंपाचं झाकण नीट बसेना. आजूबाजूच्या मोटारगाड्यांच्या काचा एकेक करून वर गेल्या. एका बाईंनी टेम्पोवाल्याला विचारलं की हे काय आहे. तो म्हणाला, "जैवतंत्रज्ञान." त्या परत गाडीत जाऊन बसल्या.

पाऊस सरता सरता शेगडी पेटली. आधी नुसती फुसफुस, मग एकदम निळी ज्योत. वहिनीने तिच्यावर पहिला चहा केला, एक कप टाकीच्या कडेला ठेवला आणि जरा वेळाने तो म्हशींच्या पाण्यात ओतला. पनीरचं पाणी आम्ही रोज थोडं थोडं वाढवत नेलं. वहाळ स्वच्छ झाला. वास गेला. शेजारी भिंतीवरून डोकावून म्हणाला, "काकी, आता नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला नको, टाकीलाच वाहा." ते काही आठवडे आमच्या घरात बरे गेले. वहिनी गोठ्यात गुणगुणताना मला ऐकू यायची. भाऊ गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती.

नंतर उद्घाटन झालं.

टाकी आधीच चालू आहे, असं मी सरपंचाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सर, चालू आहे म्हणून तर उद्घाटन. बंद असती तर भूमिपूजन केलं असतं." प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्यातले एक मोठे पुढारी यायचे होते. त्यांनी शेगडी पेटवायची, मग भाषण, मग जेवण होमस्टेवर. रस्त्यावर फलक लागला. फलकावर अकरा चेहरे होते. वहिनी त्यात नव्हती, म्हैसही नव्हती. टाकीचा फोटो होता, पण तो दुसऱ्या कुठल्यातरी टाकीचा होता.

उद्घाटनाच्या सकाळी शाल आणि स्मृतिचिन्ह आणायला मला अलिबागला पिटाळलं. स्मृतिचिन्हावर नाव कोरून मिळायला उशीर झाला. परत आलो तेव्हा वाडीच्या फाटकापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पावडरच्या रेघा ओढलेल्या होत्या आणि हवेत एक वास होता. शेणाचा नव्हता. सरकारी दवाखान्याचा होता.

वहिनी गोठ्याच्या दारात उभी होती. अंगावर तिच्या मुलीच्या लग्नात घेतलेली हिरवी पैठणी, केसात अबोलीचा गजरा, हात कोपरापर्यंत लाल झालेले. मागे गोठा इतका स्वच्छ होता की म्हशी त्यात परक्या घरी आल्यासारख्या उभ्या होत्या. चांदवालीच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि शेजारची म्हैस ती शांतपणे खात होती.

"आता येऊ दे म्हणावं कोणालाही," वहिनी म्हणाली. "पहाटेपासून धुतेय. कोपऱ्यातून, गव्हाणीखालून, सगळीकडून. फिनाईलच्या बाटल्या संपल्या म्हणून ग्रामपंचायतीतून आणखी आणवल्या. सांगा, येतोय वास?"

मी मोरीकडे बघितलं. पांढरट पाण्याचा शेवटचा ओघळ अजून टाकीच्या तोंडात उतरत होता.

"नाही," मी म्हणालो. "वास येत नाही."

तेवढ्यात कोपऱ्यावर गाड्या वळल्या आणि बँजो पथक सुरू झालं.

घुमटात आधीच्या दिवसांचा गॅस साठलेला होता. त्यामुळे पाहुण्यांनी काडी लावली तशी शेगडी पेटली, मोठी आणि निळी. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले की शेणातून सोनं निर्माण करण्याची ही क्रांती आहे, आणि जगाने आज या छोट्याशा गावाकडे पाहावं. जग त्या वेळी शेजारच्या तलावात होतं. सूत्रसंचालकाने मातीचं ऋण, गोमातेचे उपकार आणि भगिनीवर्गाचा सहभाग यांचा उल्लेख केला. म्हशीचा केला नाही. पाहुण्यांनी वहिनीला स्टेजवर बोलावून नारळ दिला. बागायतदाराच्या घरी नारळ देण्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटलं नाही. वहिनीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून नमस्कार केला. मी ज्योतीकडे बघत होतो. ज्योत स्थिर होती, आणि तिच्या खालचं सगळं बहुधा मेलेलं होतं.

पुढच्या काही दिवसांत ज्योत लहान झाली, मग पिवळी, मग नुसती वाऱ्यासारखी झुळूक. घुमट खाली बसला. टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्याचा वास बदलला. मी लिटमस बुडवला, तो लाल झाला. पनीरचं पाणी घालणं थांबवलं, चुना टाकला. काही हललं नाही. वहिनीने विचारलं, "काय झालं हो याला?" मी म्हणालो, थंडी पडली की हे जंतू मंदावतात. ऑक्टोबरचा महिना होता आणि आम्ही दोघंही घामाने भिजलेलो होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदराने कपाळ पुसलं.

नवीन विरजण आणून बघावं म्हणून बोर्लीला फोन केला. चाचा पलीकडून बराच वेळ हसले. "मास्तर, पुढच्या आठवड्यात मीच टेम्पो घेऊन यायचा होतो. पावसाचं पाणी शिरलं माझ्या टाकीत. बसली ती. आता तुझ्याकडचं दे म्हणायचं तर तू माझ्याकडं मागतोस." मग हसणं थांबलं. "म्हणजे कोणाकडंच न्हाय आता," ते म्हणाले.

टाकी पूर्ण उपसून, धुऊन, ताज्या शेणावर नव्याने सुरू करायची एवढाच मार्ग उरला. वेळ लागला असता, पण लागली असती. सरपंचाकडे गेलो. तो दचकलाच.

"उपसायची? सर, उद्घाटन झालेला प्रकल्प उपसायचा? तपासणी व्हायची आहे अजून. टाकी भरलेली दिसली पाहिजे."

"ती मेलेली आहे."

"मेलेली असली तरी भरलेली आहे ना?"

तपासणीपर्यंत थांबायचं ठरलं. दिवाळी थांबली नाही. होमस्टे भरला, पनीरची मागणी वाढली, आणि पाणी पुन्हा वहाळात गेलं, कारण ते दुसरीकडे कुठे जाणार. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तलावातल्या कोणीतरी मालकाकडे तक्रार केली. मालकाने ग्रामपंचायतीत केली.

ग्रामसभेत मी सगळं सांगितलं. जंतू, गॅस, लिटमस. फिनाईल हा शब्द तेवढा वगळला, वहिनी बायकांमध्ये बसली होती. सरपंचाने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने आपली अडचण मांडली, आणि ती तर्काच्या दृष्टीने निर्दोष होती. सांडपाण्यासाठी प्रकल्प मंजूर झाला. प्रकल्प यशस्वी झाला. तसं पाहुणे बोलले, पेपरात आलं. यशस्वी प्रकल्पातून वास येऊ शकत नाही. पण वास तर येतोय. म्हणजे वास म्हशींचा आहे.

मी आयुष्यभर तर्कशुद्ध विचाराची बाजू घेतली. त्या दिवशी ती सोडावीशी वाटली. शेजारी खाली बघत होता. बाहेर पडताना तो वहिनीला म्हणाला, "काकी, माझं पनीर पण गेलं ना यात." त्याचा आवाज खरंच उतरलेला होता. वहिनी म्हणाली, "तुला मिळेल रे कुठूनतरी."

घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि फिनाईलची एक रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. तिने ती माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.

"यावर लिहिलंय, सगळे जंतू मारतं. तुम्ही म्हणाला होतात, टाकीत जंतू आहेत. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. एकत्र सुचल्या नाहीत."

मी बाटली उचलून ओट्याखाली ठेवली.

"आधी कळलं असतं तरी धुतलाच असता मी," ती म्हणाली. "बाहेरची माणसं यायची आणि गोठा तसाच ठेवायचा? हे असते तर त्यांनाही चाललं नसतं." आणि ती भात टाकायला आत गेली.

म्हशी न्यायला व्यापारी टेम्पो घेऊन आला. तिघी फळीवरून चढल्या. चांदवाली चढेना. दोरी ओढून झाली, मागून ढकलून झालं, व्यापाऱ्याने काठी उचलली. वहिनी त्याला म्हणाली, "थांब जरा, दादा." ती स्वतः फळीवरून टेम्पोत चढली आणि आत जाऊन, पाठ करून उभी राहिली. चांदवाली तिच्यामागे चढली, रोज पाण्यावर जाते तशी. मग वहिनी म्हशींच्या अंगामधून वाट काढत बाहेर आली. उतरताना तिचा पदर फळीच्या खिळ्यात अडकला. तिने तो सावकाश सोडवला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "चांदवालीला कोमट पाणी लागतं." तो "व्हय, व्हय" म्हणाला. टेम्पो गेल्यावर तिने गोठा झाडला. झाडण्यासारखं काही नव्हतं.

तपासणी नंतर झाली. दोन साहेब आले, कोकम सरबत प्यायले, भरलेल्या टाकीसमोर उभे राहिले, फोटो काढला आणि गेले. म्हशी कुठे आहेत असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या कामात ते बसत नसावं. टाकी अजून आहे. लोखंड उन्हात चांगलं तापतं, म्हणून वहिनी घुमटावर पापड वाळत घालते. ती अजूनही पहाटेच उठते. दार उघडते, अंगणात जरा वेळ उभी राहते आणि पिशवीच्या दुधाची वाट बघते.

होमस्टे बरा चाललाय. पनीर आता पनवेलहून येतं, थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात. वहाळाला वास येत नाही. त्या पनीरचं पाणी तिकडेच कुठेतरी सोडत असतील.